वायरीचा राखणदार

२ नोव्हेंबर, रविवार

पोचले एकदाची. नातीने, अबोलीने, ही वही हातात दिली. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलत असतेस आणि आम्ही तिघंही दिवसभर बाहेर, ऐकणार कोण? तर लिही. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहायला माझं काय जातं. जोडाक्षरं चुकली तर चुकली. मास्तर काय आता छडी घेऊन यायचे नाहीत, ते कधीच गेले.

देवगडची गाडी बोरिवलीला लागली तेव्हा नंदकिशोर, म्हणजे माझा नंदू, उभाच होता. पोट सुटलंय मेल्याचं. रिक्षाने मालाड, मार्वे आणि मग झाडीतला रस्ता. मी म्हटलं, अरे ही मुंबई की आपलं गाव? तो म्हणाला, आई, हे मढ, इथे मुंबई जरा उशिरा येते. घर वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून, खालची जागा बंद. खिडकीत उभं राहिलं की समोर समुद्र. आमचाच समुद्र, फक्त मळकट. सूनबाई क्षमा रोज होडीत बसून पलीकडे वर्सोव्याला उतरते आणि तिथून अंधेरीच्या ऑफिसात. साडी नाही, पॅन्ट. होडीत तेच बरं.

शेजारी बंगला आहे, तिथे सिनेमावाले येतात. सकाळी मांडव घालून लग्न लागलं, बँड वाजला, दुपारी त्याच मांडवात पांढरे कपडे घालून सगळे रडायला बसले. मी क्षमाला म्हटलं, एवढ्यात गेला पण नवरा? ती हसून हसून खाली बसली. मला इथे करमणार असं दिसतंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज नंदूने त्याचं काम दाखवलं. किनाऱ्याच्या आत एक बसकी इमारत, खिडक्या नाहीत, आत इतकं गार की दात वाजले. तिथे समुद्रातून एक वायर वर येते. वायर म्हणजे विजेची नव्हे, काचेची. केसाएवढ्या काचेतून उजेड जातो आणि त्या उजेडातून लोकांचे फोन, सिनेमे, बँका, सगळं. मी म्हटलं, खोटं बोलतोस. तो म्हणाला, आई, तू मला व्हिडिओ कॉल करायचीस ना, तेव्हा तुझं थोबाड ह्याच्यातूनच यायचं.

आणि गंमत ऐका. तिचं दुसरं टोक आमच्या देवगडाच्या बाजूला निघतं! तिथे अशाच एका खोलीत हर्षद नावाचा मुलगा बसतो. नंदूने फोन लावून दिला तेव्हा मी त्याला विचारलं की बाबा, मोहर धरलाय का, आणि वेळ झाला तर आमच्या पडवीची कौलं बघून ये. तो बिचारा हो हो म्हणाला.

नंदूने समजावलं ते असं. मोठ्या समुद्रातून परदेशी जाणाऱ्या वायरींना वाटेत ठिकठिकाणी डबे बसवलेले असतात. उजेड चालून चालून थकतो, तो डबा त्याला पुन्हा जोर देतो, आणि त्या डब्यांना आतून वीज लागते. आपली वायर जवळची, म्हणून तिला असलं काही नाही. इथून दम लावून उजेड सोडायचा, तो एका दमात तिकडे. मी विचारलं, मग मधे कोणीच नाही? तो म्हणाला, कोणीच नाही, म्हणून तर बिघडायला काही नाही.

मला ते काही बरं वाटलं नाही. एवढी लांब वाट, आणि वाटेत एक घुमटी नाही, एक दगड नाही, राखणारा कोणी नाही. आमच्याकडे दोन कुणग्यांच्या, भाताच्या तुकड्यांच्या, मधल्या पायवाटेला सुद्धा राखणदार असतो. तिथून जाताना चप्पल काढतो आम्ही.

परत येताना वाळूतलं झाकण दाखवलं. सिमेंटचं, रुंद. समुद्रातून वर आलेली वायर त्याच्याखाली येऊन मग आत जाते. वरून पोरं क्रिकेट खेळतात.

९ नोव्हेंबर, रविवार

इथे मला मैत्रीण मिळाली. जानकी. कोळीण आहे, टोपली घेऊन जिन्याखाली आली आणि वर बघून ओरडली, नवी म्हातारी आली काय गो? मी म्हटलं, म्हातारी असेल तुझी सासू. ती म्हणाली, ती तर मेली, जागा रिकामी हाय, ये. असं आमचं जमलं. मी तिला आमची कोकमाची सोलं दिली, तिने मला बोंबील दिले आणि पैसे घेईना.

तिचा नवरा धोंडिराम. उंच, काळा, बोलताना डोळे बारीक करतो. ह्यांचं डोल जाळं. त्याला समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकावे लागतात आणि त्या खुंटांना जाळं बांधायचं, मग पाणीच मासे आणून आत टाकतं. नंदूचं आणि त्याचं तेच भांडण. नंदू म्हणतो, तुमचे खुंट माझ्या वायरीत घुसतात. धोंडिराम म्हणतो, तुझी वायर काल आली, आमच्या आज्याचा खुंट तिथेच होता. आज तो चहा पीत मला म्हणाला, मावशी, तुमचा पोरगा समुद्राला शिवण घालतो, आम्ही उसवतो, दोघांचं पोट त्याच्यावर. हसला. मीही हसले. पण नंदू नाही हसला.

रात्री क्षमाने सांगितलं की पावसाळ्यानंतर वायर बरेचदा दुखावली आहे आणि पवईच्या ऑफिसातले सुशांत साहेब दर वेळी नंदूला झाडतात. साहेबाला समुद्र काय ठाऊक, काचेच्या इमारतीत बसून.

१६ नोव्हेंबर, रविवार

परत तुटली. बोट आणून जोड मारला, तरी नंदू काल जेवला नाही. फोनवर साहेब इतका ओरडत होता की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. पुन्हा असं झालं तर तुझ्या जागी दुसरा, असं स्पष्ट म्हणाला. एवढा मोठा माणूस माझा नंदू, बाथरूमचा नळ सोडून आत रडला. नळाच्या आवाजाने आईला फसवतो.

आज उठून धोंडिरामकडे गेला आणि हात जोडून आला म्हणे. मला सांगितलं नाही, जानकीने सांगितलं. ती म्हणाली, तुझा पोरगा गुणाचा हाय, पण माझा म्हातारा हट्टी.

मी मनात ठरवलं आहे. कोणाला सांगणार नाही. क्षमा शिकलेली आहे, हसेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार, अमावास्या

केलं! किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

दुपारी घरात कोणी नव्हतं. नारळ घेतला, विडा घेतला, तांदळाचा रोट भाजला आणि उन्हं कलल्यावर वाळूतल्या त्या झाकणापाशी गेले. हाताने वाळू सारली, पाणी शिंपडलं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं. आधी आमचे हे घालायचे, हे गेल्यावर धाकटे दीर घालतात. पण ऐकून ऐकून मला तोंडपाठ. इथे पुरुष आणू कुठून? घातलं मीच.

म्हटलं, बा म्हाराजा, ह्या दर्याच्या काठार, ह्या वाटेच्या तोंडार आज तुका बसवतंय. हयसून आमच्या देवगडापर्यंतची वाट तुझी. ह्या वाटेक कोण राखणारो नाय, तो तू हो. हिका जो कोण हात लावीत, तेका थंयच्या थंय धर. माझ्या झिलाची भाकरी हेच्यार आसा. तुझी राखण, नारळ आणि रोट, दर वर्साक दितलंय.

गाऱ्हाण्याला मागून चार माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, नाहीतर ते पोचत नाही. मी एकटी. म्हटलं, राहिलं तर राहिलं. तेवढ्यात मागून जाड आवाजात आलं, व्हय म्हाराजा. अगदी वेळेवर, अगदी आमच्यासारखं. जवळच एक होडी उलटी घातली होती, तिच्याआड कोणीतरी जाळं शिवत असणार. मला इतका आनंद झाला की कोळ्यांनाही आमची रीत ठाऊक! प्रसाद द्यायला मी होडीमागे गेले तर तिथे कोणी नव्हतं. उठून गेला असेल बिचारा.

येताना पावभाजीचा वास आला. अबोलीसाठी घेऊन आले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नंदू शीळ घालत आला! म्हणाला, आई, काहीतरी विचित्रच आहे. उजेड वाटेत थोडा थोडा मरत जातो, टोकाला अगदी उरलासुरला पोचतो. तर परवापासून हर्षदकडे तो वाढून येतोय, जसं मधे कोणी फुंकर घालतंय. मधे तर काही नाही. मशीन दोनदा तपासलं. पवईचे साहेब सुद्धा खूश.

वाटभर उजेड कसा उतरत जातो ती मशीनवरची रेघही त्याने मोबाईलमध्ये दाखवली. घसरगुंडीसारखी उतरत जाणारी, आणि मधोमध एक छोटी गाठ. आधी नव्हती म्हणे. मी पदर तोंडात कोंबून हसले. म्हटलं, अरे बसला असेल कोणीतरी दमून. तो पण हसला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मी त्याला मारायचे तशी.

काय सांगू, मुलाच्या उपयोगी पडलं की म्हातारपण गोड लागतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

धोंडिराम गेला.

सकाळी क्षमा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडत होती तेव्हा किनाऱ्यावरून ओरडा आला. समुद्र तर ताटासारखा होता. बोटीवरच्या दोघांनी सांगितलं ते असं. तो खुंट ओढून काढत होता. दोरीबरोबर ती काळी वायर वर आली. दोरीचा वेढा तिला बसला होता, तो सोडवायला त्याने हात घातला. आणि तसाच उभा राहिला. हाक मारली तर बघेना. मग कडेवरून पाण्यात उतरला. पडला नाही, उतरला, कोणी हात धरून जिन्यावरून नेतं तसा. वायर त्याच्यामागून खाली गेली. दुपारी भरतीने त्याला किनाऱ्याला आणून टाकलं.

नंदू घरी आला तेव्हा पांढरा पडला होता. बोलता बोलता म्हणाला की आता निदान त्या जागी कोणी खुंट ठोकणार नाही. लगेच स्वतःच्या तोंडावर हात मारला.

पण मी लिहायला बसले आहे ते खरं लिहीन. तो तसं बोलला तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. एकच क्षण. त्यानंतर वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जानकीकडे गेले. बायका बसल्या होत्या. ती रडत नव्हती, बांगड्यांच्या काचा गोळा करत होती, कोणाच्या पायाला लागू नयेत म्हणून.

तिने मला जवळ बसवलं आणि सांगितलं की तो खुंट ठोकायला गेलाच नव्हता. खुंट काढायला गेला होता. माझ्या नंदूने हात जोडल्यापासून त्याला झोप नव्हती. म्हणाला होता, म्हातारीचा पोरगा रडकुंडीला आलाय, आपण चार हात बाजूला सरकू, समुद्र काय कमी हाय?

माझ्या नंदूसाठी गेला तो. आणि मी म्हटलं होतं, जो कोण हात लावीत. तोडणारा, असं म्हटलं नव्हतं. हात लावणारा म्हटलं होतं.

ती मला म्हणाली, मावशी, तू जेवून घे, तुझं तोंड सुकलंय. मी तिथे भात खाल्ला. तिच्या घरचा भात खाल्ला मी.

३० नोव्हेंबर, रविवार

नंदूला विचारलं, ती गाठ कुठे आहे रे? म्हणाला, तेच कळत नाही, आधी मधोमध होती, गुरुवारी पहाटे अगदी मढच्या समोर आली, धोंडिरामची बोट होती तिथे. आता पुन्हा देवगडाकडे चालली आहे. गाठ सरकत नसते, आई. काचेत बिघाड असला की तो एका जागी असतो.

मला ठाऊक आहे काय करतो आहे तो. फेरी घालतो आहे.

दिरांना फोन केला. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग इतके संतापले की फोन कानापासून लांब धरावा लागला. वयनी, तुका कोणी सांगितल्यान होतां? गावचो देव गावात, थंय खंयचो कोण बसलो तां तुका म्हायत आसा? मग त्यांनी विचारलं, व्हय म्हाराजा कोणी म्हटलं? मी सांगितलं, होडीमागे कोणीतरी. मग म्हणाले की जो म्हणाला तोच बसला.

राखणदाराला आपला-परका कळत नाही, बोललेलं कळतं. ज्याने बसवला त्यानेच तो उठवायचा, आणि उठवला तर दुसरी जागा द्यायची. मोकळा सोडायचा नाही. एवढं त्यांनी सांगितलं. मग रेंज गेली.

२ डिसेंबर, मंगळवार

त्या दिवशी दोरीने वायर चिरडली आहे. उजेड जातो, पण केव्हाही बंद पडेल. गुरुवारी मोठी बोट येणार, वायर वर उचलणार, नवा तुकडा जोडणार.

नंदू जाणार. साहेबांनी सांगितलं आहे, तू स्वतः उभा राहा.

मी सगळं सांगितलं त्याला. गाऱ्हाणं, झाकण, धोंडिराम, सगळं. पाया पडले. पोटच्या पोराच्या पाया पडले. त्याने आधी ऐकून घेतलं, मग चेहरा असा झाला की मी थांबले. म्हणाला, आई, धोंडिरामला अटॅक आला. डॉक्टर सांगतील. तू जानकीसमोर असलं काही बोललीस तर मला ह्या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग हळू म्हणाला, आणि मी नाही गेलो तर माझी जागा जाते. तूच सांग काय करू.

क्षमा रात्री माझ्या बाजूला झोपायला आली. म्हणाली, आई, जागा बदलली की होतं असं. चांगली आहे पोर. पण ऐकत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

जानकीला सांगितलं.

नसतं सांगितलं तर छाती फुटली असती. तिने ऐकून घेतलं. सगळं झाल्यावर विचारलं, आता तुझा पोरगा जाणार काय तिथे? मी हो म्हटलं. ती म्हणाली, म्हणून आलीस. तो जाणार नसता तर आली नसतीस.

मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा मागे बघितलं. ती केरसुणी घेऊन मी बसले होते ती जागा झाडत होती.

४ डिसेंबर, गुरुवार

बोट गेली. नंदू वाकून नमस्कार करायला आला, मी त्याचे हात हातात घेतले आणि सोडेना, तर अबोली हसली.

दुपारी झाकणापाशी गेले. नारळ, विडा. गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, म्हाराजा, चुकलंय. हयसून ऊठ. दर्या सोड. माझ्या उंबऱ्यार येऊन बस, तुझी राखण मी हाताने घालीन, जिवंत आसंय तवसर.

ह्या वेळी मागून कोणी काही म्हटलं नाही. पण झाकण गरम झालं. पाय भाजला.

आणि तो उठला! संध्याकाळी नंदूचा फोन, आवाजात नुसता आनंद. आई, गाठ गेली! रेघ साफ! वायर वर घेतली, उद्या जोड मारतो, परवा घरी. मी देवासमोर बसून रडले. त्याला काही झालं नाही. वायरीपाशी उभा आहे आणि त्याला काही झालं नाही.

जानकीचं माझ्याने काही होणार नाही. पण माझा नंदू येतो आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

तो आला आहे. उंबरा ओला आहे. पुसला तरी ओला. भिजलेल्या दोरखंडाचा वास.

दाराखालून उजेड येतो. भर दुपारी, उन्हापेक्षा पांढरा. क्षमाला दिसत नाही. ती आणि अबोली त्याच्यावरून ये-जा करतात, तो काही करत नाही. मांजर जिन्याच्या पायरीवर येतं आणि परत जातं.

मी विडा ठेवला. थोड्या वेळाने पान सुकलेलं. चोखल्यासारखं.

बसू दे. माझ्या दारात बसू दे. मी त्याची चाकरी करीन. दुसऱ्या कोणाचा जीव घेण्यापेक्षा—

६ डिसेंबर, शनिवार

सुट्टी आहे. दोघी नंदूला आणायला जेटीवर गेल्या. मी कुळथाची पिठी केली, त्याला आवडते.

भाऊंचा फोन आला. विचारलं, वयनी, जागा खंयची दिलंस? मी सांगितलं, आमचा उंबरा. ते म्हणाले, आणि काय सांगितलंस तेका? म्हटलं, बस म्हणून सांगितलं. ते म्हणाले, जागा बदललंस. शब्द खंय बदललंस?

मला कळेना. मग कळलं.

जो कोण हात लावीत.

क्षमाच्या मोबाईलवर नंदूने फोटो पाठवला आहे. मोबाईल इथेच चार्जिंगला राहिला. फोटोत माझा नंदू हसतो आहे, अंगावर केशरी जाकीट, आणि वायर त्याने दोन्ही हातांनी धरली आहे. बाळ धरतात तशी—

मीच आणला. समुद्रात नंदूला सोडलं होतं त्याने, मी उठवला होता ना. मी घरी आणून दारात बसवला. भाऊंना विचारलं, आत्ता उठवते. म्हणाले, एकदा जागा बदलली की पुढच्या अवसेपर्यंत उठत नाही तो, आणि रडायला लागले.

थोड्या वेळाने

नंदूला फोन लावते. उचलत नाही. बोटीचा आवाज असेल.

दार उघडत नाही. फुगलं आहे ओल्याने. ओढून ओढून बोटं सोलली. उजेड आता फटीतून आत, माझ्या पायापर्यंत—

खिडकीतून ओरडले. शेजारी शूटिंग. पुन्हा लग्न. बँड. एक मुलगा वर बघून हात हलवतो. त्याला वाटलं मी बघायला आले.

जानकी दिसली वाळूत. हाक मारली. तिने ऐकलं. थांबली. बघितलं माझ्याकडे.

गेली.

बरोबर आहे तिचं.

मागून

आले. रिक्षा. अबोलीचा आवाज. बाबाला आधी जाऊ दे, आजी वाट बघते आहे.

हे पान फाडून खिडकीतून टाकते. नंदू हे वाच. वर येऊ नकोस. मी वेडी नाही. मी चांगली आहे. तू खाली थांब, तिथूनच बोल, मी खिडकीशी येते. जेवण दोरीने सोडते. बाळा माझं चुकलं, तुझं काही नाही, धोंडिरामचंही काही नव्हतं. पोरीला वर पाठव, क्षमाला पाठव, तू नको. तू पायरी चढू नको. उजेड दिसला तर त्याच्याकडे बघू नको, आणि कोणी पुढे हात केला तर नंदू तू हात—